शिट्टीकडे कानाडोळा

४ जानेवारी, रविवार

आज दुपारपासून मी ह्यांच्याशी बोलत नाही. बोलल्याशिवाय मला राहवत नाही आणि भिंतीशी बोलण्याची वेळ अजून आलेली नाही, म्हणून ही वही.

झालं ते असं. धाकटे दीर जेवायला आले होते. ते दातांचे डॉक्टर, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांचा दवाखाना. जेवण झाल्यावर ह्यांनी रेकॉर्ड लावली आणि नेहमीचं रडगाणं सुरू केलं: ॲम्प्लिफायर मेला आहे, आवाजावर झाकण पडलं आहे, वरचे सूर कुणी तरी पुसून टाकले आहेत. वर्षभरातला हा तिसरा ॲम्प्लिफायर. तिघांवरही हाच ठपका.

मी म्हटलं, “तिन्ही यंत्रं एकाच रोगाने कशी मरतील?”

“हल्ली चांगली बनवतच नाहीत. जुना, व्हॉल्व्हचा असता तर फरक कळला असता. पण तो बांधणार कोण? तू एवढी कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळलीस, पण तुझी सगळी नोकरी बाटल्या पुसण्यात गेली.”

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. पहिल्या वर्गात. प्रयोगशाळेत मी बाटल्या पुसत नव्हते, मुलींचे आकडे तपासत होते. त्या मला मागून ‘झिरो एरर’ म्हणायच्या, हे मला माहीत होतं आणि आवडतही होतं. तेव्हा मी जागच्या जागी सांगितलं, की व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मी स्वतःच्या हातांनी बांधून देईन, आणि त्यात दोष सापडला तर जन्मभर ह्यांचं संगीत निमूटपणे ऐकेन.

भाऊजींनी चमच्याने पेला वाजवला. “साक्षीदार हजर आहे, वहिनी. आता माघार नाही.”

हे मात्र हसले नाहीत. “दोष राहता कामा नये,” एवढंच म्हणाले, तेही गंभीरपणे. टोमणा मारून वर गंभीर राहणं ही ह्यांची खास कला.

६ जानेवारी, मंगळवार

बोलणं सुरू करावं लागलं. स्क्रू ड्रायव्हर कुठे आहे ते फक्त ह्यांनाच ठाऊक असतं.

आराखडा काढला. जुनी पुस्तकं माळ्यावरून उतरवली. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बंद नळी. आत तार तापते, आणि बारीकसा आवाज त्यातून मोठा होऊन निघतो. कॉलेजात शिकलेलं सगळं आठवत होतं, फक्त अक्षरं पूर्वीपेक्षा लहान छापली आहेत.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायला तारवाल्याकडे गेले. काउंटरमागून म्हणाला, “साहेबांना पाठवा बाई, मी त्यांना समजावून सांगतो.” मी म्हटलं, “साहेब पियानो सुरात लावतात. त्यांना समजावण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं सोपं आहे.” मग त्याने माझा कागद उलटा धरून वाचला आणि सगळं कळल्यासारखी मान हलवली. मी कागद सुलटा करून दिला.

११ जानेवारी, रविवार

ॲल्युमिनियमच्या डब्याला भोकं पाडली. भाऊजींच्या दवाखान्यात, सुट्टीचा दिवस साधून. डबा रोग्याच्या खुर्चीत ठेवला, वरून मोठा दिवा लावला. भाऊजींनी डब्याला “आ करा” म्हणून सांगितलं.

“दुखलं तर हात वर करायचा,” हे म्हणाले.

“दुखतं ते बिल बघून,” भाऊजी म्हणाले. त्यांचा हात खरंच हलका आहे. लहानसा आरसा मला भेट दिला, दातांच्या मागचं बघायचा. तारांच्या जोडावर दिलेला सोल्डरचा डाग मागून नीट बसला की नाही ते त्यात झकास दिसतं.

निघताना जिन्यात मला हळूच म्हणाले, “वहिनी, यंत्र तपासाल तसं मालकाचे कानही एकदा तपासून घ्या.”

मी म्हटलं, “बायकोचं ऐकू न येणं हा आजार नाही, सवय आहे.” ते काही तरी बोलणार होते, पण हे मागून आले.

२० जानेवारी, मंगळवार

जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग आता माझा. मी डाग देते, हे दिवा धरतात. एक-एक भाग हातात देताना त्याचं नाव विचारतात आणि स्वतःचं एक ठेवतात. मोठे कपॅसिटर म्हणजे ‘सासरे’, कारण यंत्र बंद केलं तरी त्यांचा राग उतरत नाही, हात लावला की फटका बसतो. बारीक रेझिस्टर म्हणजे ‘भाचेमंडळी’. मी अशा गोष्टींना उत्तेजन देत नाही. पण आज “ते दोन भाचे द्या इकडे” असं माझ्याच तोंडून निघालं.

दुपारी किटली आटली. ती शिट्टी मारून मारून थकली, हे हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते. मी गच्चीतून पळत आले. किटली काळी झाली आहे.

“जरा उठून गॅस बंद करायला काय झालं होतं?”

“शब्दकोड्यात होतो.”

गेल्या आठवड्यात दाराची घंटाही अशीच वाजत राहिली होती. माणूस वयाबरोबर इतका आळशी होईल असं वाटलं नव्हतं. बाकी दिवा तासन्‌तास धरतात, तेव्हा आळस कुठे जातो?

२७ जानेवारी, मंगळवार

संगीतशाळेच्या बाईंचा फोन आला. नव्या सभागृहाचं उद्घाटन मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि तिथला मोठा पियानो ह्यांनी लावायचा आहे. आडून आडून बोलत होत्या. वर्गातला पियानो ह्यांनी मागच्या महिन्यात लावला, त्याच्या अगदी वरच्या पट्ट्या जरा बोचतात म्हणे. नव्या पियानोसाठी दुसऱ्या कुणाला बोलवावं का, असं मंडळात कुणी तरी म्हणालं.

मी सांगितलं, “वर्गाच्या खिडक्या उघड्या राहत असतील. तारांना गारठा बाधतो. ह्यांच्या कानाला बाधत नाही.”

अर्ध्या शहराचे पियानो ह्या कानांवर सुरात राहिले आहेत. हा पियानो दुसऱ्याच्या हाती गेला तर उरलेलेही जातील, आणि घरी बसणारा माणूस हा नव्हे. ह्यांना फोनबद्दल सांगितलं नाही. काम संपेपर्यंत डोक्याला ताप नको.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिल्यांदा वीज दिली.

त्याआधी आत कुठे किती व्होल्ट आहेत ते मोजलं. आमच्या प्राध्यापकांचा नियम पाळला: डावा हात खिशात. दोन्ही हात गुंतले की धक्का छातीतून जातो. हे म्हणाले, “तुझा एक हात कमरेवर नाही, हे आयुष्यात प्रथमच पाहतो आहे.”

“मला शिवू नका.”

“कोण शिवतंय? साडेतीनशे व्होल्ट नसतानाही माझी हिंमत होत नाही.”

भाऊजी साक्षीदार म्हणून वर आले होते. आकडे बरोबर आले. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. स्पीकर जोडला आणि यंत्राने असा काही गळा काढला की भाऊजींच्या कपातला चहा त्यांच्या शर्टावर गेला, आणि समोरच्या बाल्कनीत माणसं आली. मी बंद केलं. कारण लगेच कळलं: ट्रान्सफॉर्मरकडून परत येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. तारवाल्याने रंग उलटे लावले होते. मी ते न तपासता धरून चालले, हेही इथे लिहून ठेवते.

तारा बदलल्या. पुन्हा चालू. बोंब गेली, पण मागे एक बारीक शिट्टी उरली, डास कानाशी यावा तशी. मी भाऊजींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग दोघांनी ह्यांच्याकडे पाहिलं. आता काय ऐकून घ्यावं लागणार ते मला ठाऊक होतं.

हे डोळे मिटून बसले होते. म्हणाले, “आता कसं शांत झालं. स्वच्छ आहे.”

भाऊजींनी मान खाली घातली आणि शर्ट पुसू लागले.

ह्या माणसाने माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात गायकाला बेसूर म्हणून भर कार्यक्रमात थांबवलं होतं. त्याने आज माझ्या यंत्राच्या शिट्टीकडे कानाडोळा केला. मी चहाचे कप उचलले.

४ फेब्रुवारी, बुधवार

शिट्टी गेली. एक तार दुसरीच्या फार जवळून जात होती, ती लांबून वळवली. ह्यांना सांगितलं, “काल राहिली होती ती शिट्टी काढली.”

“कुठली शि–” म्हणाले, आणि थांबले. मग, “हां, ती. मी म्हटलं, तुझी तू काढशीलच.”

कधी नव्हे तो समंजसपणा दाखवत आहेत. सवय नसल्यामुळे मला जरा अवघड जातं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज यंत्राची परीक्षा. प्रयोगशाळेतून निकालात निघालेलं सूर काढणारं जुनं यंत्र माझ्याकडे आहे. त्यातून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जायचं आणि मीटरवर बघायचं, की ॲम्प्लिफायर सगळ्यांना सारखं वागवतो का. ह्यांचाही दाखला हवा होता. म्हणून त्यांना खुर्चीत बसवलं. ऐकू येतंय तोवर बोट वर, बंद झालं की खाली.

“परीक्षक मी आहे की विद्यार्थी?”

“डोळे मिटा.”

सूर चढत गेला. मीटरचा काटा जागचा हलला नाही, अगदी सरळ. मी मनात खूश होते. आणि ह्यांचं बोट खाली आलं.

काटा तसाच होता. सूर खणखणीत वाजत होता. माझ्या कानांना तर तो आता खुपू लागला होता.

“संपलं?” ह्यांनी विचारलं.

मी “हो” म्हटलं.

“बघ. इथेच मरतं. मी म्हणत नव्हतो?”

मी सूर बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले. बाहेरून हे म्हणाले, “बाकी छान झालंय हो.”

९ फेब्रुवारी

यंत्र सपाट आहे, सगळे सूर सारखेच. तीनदा तपासलं.

किटली. घंटा. शिट्टी. वरच्या पट्ट्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हे संगीतशाळेत जाऊन नवा पियानो पाहून आले. वाद्य उत्तम आहे, महिनाअखेरीस लावीन, म्हणाले. जेवताना दोनदा म्हणाले, “त्या ॲम्प्लिफायरमध्ये कुठे तरी वरचं अडतंय. सापडेल तुला.” माझ्याकडे न बघता म्हणाले.

म्हणजे यंत्रात दोष असावा अशी ह्यांची इच्छा आहे. दोष यंत्रात असला म्हणजे कानात नसतो. आणि मी यंत्र असं बांधून ठेवलं आहे की माणसाला तेवढाही आधार उरला नाही.

दुपारी हे बाहेर गेल्यावर मी एक छोटा कपॅसिटर घेतला आणि अशा जागी जोडला की वरचे सूर दबतील. मीटर लावला. काटा जिथे पडायला हवा तिथे बरोबर पडला. मुली हवा तसा आकडा लिहायच्या तेव्हा मी वह्या फेकून दिल्या आहेत. माझा डाग मात्र सुबक बसला. आरशात पाहिला.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, “तुमचं बरोबर होतं. दोष आहे. वेळ लागेल.”

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “असं का?” म्हणाले. सुटल्यासारखे दिसले नाहीत. मला वाटलं होतं, दिसतील.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उठून आले तर हे चष्म्यावर भिंग धरून उलट्या डब्यावर वाकले होते.

“हा कोण?”

“कपॅसिटर आहे.”

“ते कळतं. पण हा आराखड्यात नव्हता. बाकी सगळ्यांना बसवताना मी दिवा धरलाय. ह्या पाहुण्याला धरल्याचं आठवत नाही.”

“सुधारणा केली आहे.”

“कशासाठी?”

मला खोटं पटकन सुचत नाही. सराव नाही. “वरचे सूर दाबण्यासाठी.”

हे खुर्चीत बसले. “म्हणजे मला ऐकू येत नाही तेवढं यंत्रालाही येऊ नये, असं.”

मी टेबलावरचा मीटर बाजूला सरकवला.

“त्या दिवशी तू ‘हो’ म्हणालीस ना, तेव्हा मी डोळे उघडले होते. काटा उभा होता. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. आठवडाभर वाट पाहिली, तर तू हे शेपूट लावून ठेवलंस. तुला बांधायला कशाला लावलं असं वाटतं तुला?”

“मी पैज घेतली म्हणून.”

“पैज तू घेतलीस. काडी कुणी टाकली? बाटल्या पुसल्यास असं काय मी उगीच म्हटलं? दुकानातल्या यंत्रांवर मला संशय घेता येत होता, तीन काय, दहा घेतली असती. तुझ्या कामावर घेता येणार नाही, म्हणून तुला भरीला घातलं. म्हटलं, हिने बांधलेल्यातही ऐकू आलं नाही, तर मग कानच. एवढं एक खरं उत्तर हवं होतं मला, आणि तू नोकरीभर केलं नाहीस ते नेमकं आता केलंस.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून केलं.”

“वाटलंच. वाटायचंच होतं. त्यासाठी वेगळा कपॅसिटर कशाला?”

मी तार कापायची पक्कड घ्यायला उठले. सोल्डरची डागणी तापायला ठेवली. हे उठून दिवा धरून उभे राहिले. तो भाग निघाला तेव्हा ह्यांनी तो हातात घेऊन पाहिला. “डाग मात्र छान दिला होतास,” म्हणाले.

मग परीक्षा पुन्हा केली, डोळे उघडे ठेवून. बोट कुठे खाली येतं ते मी खरं खरं लिहून घेतलं.

“कान कुणाला दाखवलेत?”

“धाकट्याला.”

“ते दातांचे डॉक्टर आहेत.”

“म्हणून तर त्याने कानांच्या डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. मी गेलो नाही. तुला सांगायचं नाही अशी त्याच्याकडून शपथ घेतली.”

मी खाली दवाखान्यात गेले आणि भाऊजींना जे सांगायचं ते सांगितलं. रविवार असल्यामुळे खुर्चीत रोगी नव्हता. त्यांनी स्वतःच बसून घेतलं आणि दुखलं की हात वर करत होते.

२२ फेब्रुवारी, रविवार

कानांचे डॉक्टर झाले. वरचं उतरलं आहे, बाकीचं चांगलं आहे. कानात घालायचं यंत्र मिळेल. त्याने बोलणं, घंटा, किटली ऐकू येईल. पियानोचं खरं वाटत नाही, हे म्हणतात. तिथेच घालून पाहिलं, सगळे सूर पत्र्याचे झाले.

काल हे संगीतशाळेच्या बाईंना स्वतः जाऊन सांगून आले. मी बरोबर होते, पण दाराशी उभी राहिले. ह्यांनी कारणं दिली नाहीत. “शेवटचं सप्तक मला पुरतं ऐकू येत नाही. वर्गातला पियानो बोचतो तो माझ्यामुळे,” एवढंच.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गारठ्याचं त्यांना आठवत असणार.

“मग नव्याचं काय करायचं?”

“खालचं सगळं मी लावतो. वरचं ही ऐकेल, मी पिळेन.”

“ह्यांना सूर कळतो?”

“अजिबात नाही,” हे म्हणाले. “पण खोटा आकडा सांगत नाही.” मग जरा थांबून, “फार क्वचित.”

हे आठवडाभर घरच्या पियानोवर मला शिकवत होते. वरच्या प्रत्येक सुराला तीन तारा असतात. त्या जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, की आवाज डुलतो: मोठा, लहान, मोठा, लहान. ह्याला भौतिकशास्त्रात विस्पंद म्हणतात. मी पदवीला दोन नादकाटे, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, घेऊन तो प्रयोग केला आहे. त्याला गाता गळा लागत नाही, लक्ष लागतं. डुलणं थांबलं की तारा जुळल्या.

बाई म्हणाल्या, “लावून दाखवा. मी वाजवून बघेन. बरं वाटलं नाही तर दुसरं कुणी बोलवावं लागेल, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

“घेईन,” हे म्हणाले. “पण तुम्ही बोलवा.”

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर सभागृहात होतो. रिकाम्या खुर्च्या, वर शिडीवर रंगारी. खालचं सगळं ह्यांनी एकट्याने लावलं, मी स्वेटर विणला. शेवटच्या सप्तकाला मला जवळ बोलावलं.

“डुलतोय?”

“जोरात.”

“आता?”

“कमी. अजून कमी. पुढे गेलात, मागे या. तुम्ही नेहमी पुढेच जाता.”

“हे तारेबद्दल बोलते आहेस ना?”

“थांबला. हात काढा.”

शेवटच्या पट्टीला बराच वेळ गेला. ह्यांना नुसता लाकडाचा ठोका ऐकू येत होता. किल्ली त्यांच्या हातात, नजर माझ्या तोंडावर. एवढ्या वेळ ह्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं होतं, ते आठवावं लागेल. रंगारी शिडीवरून म्हणाला, “काका, काकूंनी मान हलवली.”

बाई आल्या, बसल्या, वरून खाली आणि खालून वर गेल्या. शेवटच्या चार पट्ट्या पुन्हा पुन्हा वाजवल्या. मग म्हणाल्या, “बोचत नाही.” हे खाली बघत हत्यारं भरत होते. सगळी भरून झाली तरी भरतच होते.

१ मार्च, रविवार

हस्तांतराची नोंद.

संगीतशाळेच्या बाईंच्या ताब्यात दिला: एक मोठा पियानो, लावलेला. शेवटचं सप्तक सोडून सगळा ह्यांनी, शेवटचं दोघांनी. पावतीवर तसंच लिहिलं आहे, आणि ह्यांच्या अक्षरात आहे. वर्गातल्या पियानोचं वरचं सप्तक पुढच्या आठवड्यात दोघं जाऊन पुन्हा लावणार, तेही कबूल केलं.

ह्यांच्या ताब्यात दिला: एक ॲम्प्लिफायर, व्हॉल्व्हचा, हातबांधणीचा. बोंब नाही, शिट्टी नाही, दोष नाही. वरच्या सुरांना उठाव देणारं एक बटण नंतर बसवलं आहे. आराखड्यात ते दाखवलं आहे. बसवताना दिवा ह्यांनी धरला. साक्षीदार भाऊजी.

मिळाल्याची सही मागितली तर म्हणाले, “ऐकल्याशिवाय सही करत नाही.” रेकॉर्ड लावली. बटण फिरवलं, आणखी फिरवलं, जवळजवळ टोकाला नेलं आणि तिथे हात थांबला. पूर्ण बाजू ऐकली. मग सही केली.

तिथे तो आवाज माझ्या कानांना टोचतो. बटण आहे तिथेच ठेवलं आहे.